शहराला बांधायला पैसा मिळतो, मग चालवायला का मिळत नाही? छत्रपती संभाजीनगरच्या तिजोरीची गोष्ट

अजिंठा लेणी बघायला गेलेल्यांना फर्दापूरचा टी पॉइंट पाठ असतो. गाडी तिथेच लावायची, एसटीच्या बसचं तिकीट काढायचं आणि पुढे लेण्यांपर्यंत जायचं. याच फर्दापूरजवळ एक भलीमोठी इमारत आहे, अजिंठा अभ्यागत केंद्र. जपानकडून मिळालेल्या कर्जाच्या प्रकल्पातून ते उभं राहिलं. लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती आत तयार केल्या. २०१३ मध्ये केंद्र सुरू झालं. काही वर्षांतच विजेची आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला टाळं लागलं.

कोट्यवधींची इमारत बांधून झाली आणि लाइट बिलावर अडली. ऐकायला विचित्र वाटतं, पण सरकारी हिशोबात हे अजिबात विचित्र नाही. बांधण्याचा पैसा एका खिशातून येतो, चालवण्याचा दुसऱ्या. पहिला खिसा भरलेला असतो तेव्हा दुसरा रिकामा असू शकतो.

हे केंद्र राज्याच्या पर्यटन खात्याच्या कारभारातलं. महापालिकेचा त्याच्याशी संबंध नाही. पण फर्दापूरहून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या छत्रपती संभाजीनगर शहराचं दुखणं अगदी हेच आहे, फक्त आकडे मोठे आहेत. तिथे इमारतीच्या जागी पाण्याची पाइपलाइन आहे, आणि पर्यटकांच्या जागी बारा-पंधरा लाख माणसं.

आधी दोन शब्द समजून घेऊ

महापालिकेचं अंदाजपत्रक वाचताना ‘महसुली’ आणि ‘भांडवली’ हे दोन शब्द सतत येतात. भांडवली खर्च म्हणजे एकदाच होणारा, मालमत्ता उभी करणारा खर्च : रस्ता, जलकुंभ, जलवाहिनी, बस. महसुली खर्च म्हणजे दर महिन्याला उभा राहणारा : कर्मचाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतन, पंपांचं वीजबिल, कचरागाड्यांचं डिझेल, पथदिव्यांची दुरुस्ती.

केंद्र आणि राज्य यांचं बहुतेक अनुदान पहिल्या प्रकारासाठी असतं. अमृत, स्मार्ट सिटी, नगरोत्थान या सगळ्यांची कोनशिला बसवता येते, फीत कापता येते. वीजबिलाची फीत कापता येत नाही. ते बिल शहराने स्वतःच्या उत्पन्नातून भरायचं असतं. आता प्रश्न असा की शहराचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे नेमकं काय?

जकात नाक्यापासून मुंबईच्या हप्त्यापर्यंत

तिशी-चाळिशीच्या पुढच्यांना जकात नाके आठवत असतील. शहरात येणाऱ्या मालावर महापालिका थेट कर घ्यायची. ट्रक तासन्‌तास उभे राहायचे, नाक्यावर चिरीमिरी चालायची, व्यापारी वैतागलेले असायचे. हे सगळं खरं. पण महापालिकेच्या दृष्टीने जकातीसारखा कर नव्हता. पैसा रोजच्या रोज यायचा, रोख यायचा, आणि शहरातली उलाढाल वाढली की आपोआप वाढायचा. कोणाच्या दारात वसुलीला जायला लागायचं नाही.

राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्येच गेली. महापालिकांची राहिली. मग २०१० पासून टप्प्याटप्प्याने तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. पुणे-नागपूरमध्ये तो एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला, तेव्हाच्या औरंगाबादचा नंबर त्याआधीच लागला होता. नाके गेले, व्यापाऱ्याने स्वतः हिशोब करून कर भरायचा अशी ही पद्धत. व्यापाऱ्यांना तीही पसंत पडली नाही. बंद झाले, मोर्चे निघाले, विधानसभेच्या प्रचारात आश्वासनं दिली गेली. १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला. म्हणजे जवळजवळ सगळ्यांचाच.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलेला एलबीटीही संपला. मुंबईची जकात त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू होती.

इथे सोशल मीडियावर हमखास होणारी एक गफलत दूर करू. ‘आम्ही एवढा जीएसटी भरतो, तरी आमच्या गल्लीत खड्डे’ अशी पोस्ट तुम्ही पाहिली असेल, कदाचित टाकलीही असेल. तुम्ही भरलेला जीएसटी केंद्र आणि राज्य यांच्यात वाटला जातो. त्यात तुमच्या महापालिकेचा टक्केवारीने ठरलेला वाटा नाही. गाडीचा रोड टॅक्स राज्याचा. आयकर केंद्राचा. घर विकत घेताना भरलेल्या मुद्रांक शुल्कावर जो १ टक्का अधिभार असतो, तेवढा महापालिकेकडे येतो.

मग जकात-एलबीटी गेल्यावर महापालिकांना काय मिळालं? भरपाई. महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला. २०१६-१७ या वर्षातलं उत्पन्न पाया धरायचं, त्यावर दरवर्षी ८ टक्के वाढ द्यायची, आणि रक्कम दर महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ पाठवायची. व्यवस्था तशी सुटसुटीत आहे, आणि तिने शहरांना तारलंही आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जकात असती तर नाके ओस पडले असते. भरपाईचा हप्ता मात्र शहरातल्या उलाढालीवर अवलंबून नव्हता.

पण हीच गोष्ट उलटी करून पाहा. शहरातला व्यापार दुप्पट झाला तरी हप्ता वाढणार ८ टक्क्यांनीच. १०० रुपयांवर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ धरली की नऊ वर्षांनी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, साधारण २०० रुपये होतात. त्याच नऊ वर्षांत पगार, वीज, डिझेल महागलं, शहर चारही बाजूंनी पसरलं. वाढलेल्या शंभर रुपयांतले बरेचसे तिथेच गेले. शिवाय ज्या शहराचा २०१६-१७ चा आकडा मुळातच लहान होता, त्याचा हप्ताही कायमचा लहान राहिला. जाता जाता एक तुलना : जीएसटी आल्यावर केंद्राने राज्यांना पहिली पाच वर्षं जी भरपाई दिली, तिच्यात दरवर्षीची वाढ १४ टक्के धरली होती. राज्यांनी स्वतःसाठी १४ मिळवले आणि आपल्या शहरांना ८ दिले. हा फरक फारसा कुणी बोलून दाखवत नाही.

आता हातात उरलं काय?

उरला मालमत्ता कर, ज्याला आपण घरपट्टी म्हणतो, आणि पाणीपट्टी. त्याखेरीज नगररचना विभागाकडे बांधकाम परवानगीतून येणारं शुल्क, जाहिरात फलक, गाळ्यांची भाडी वगैरे.

घरपट्टीचं बिल एकदा हातात घेऊन नीट वाचा. त्यातली सगळी रक्कम महापालिकेची नसते. शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर हे राज्य सरकारचे असतात. महापालिका ते फक्त गोळा करून देते. उरलेल्यात सर्वसाधारण कर, मलनिस्सारण, वृक्ष, अग्निशमन असे तुकडे असतात. मुदतीत भरलं नाही तर दरमहा २ टक्के शास्ती लागते. म्हणजे वर्षाला २४ टक्के, बँकेच्या बहुतेक कर्जांपेक्षा महाग. कागदावर एवढा कडक नियम असूनही वसुली का होत नाही?

एक कारण, शास्ती माफ होते हे सगळ्यांना माहीत आहे. राज्यातल्या बहुतेक महापालिका दर थोड्या वर्षांनी ‘अभय योजना’ काढतात : थकबाकी एकरकमी भरा, शास्तीत मोठी सूट घ्या. त्या महिन्यात तिजोरीत पैसा येतो, बातमी चांगली होते. पण एप्रिलमध्ये वेळेवर भरणाऱ्याला काय वाटत असेल? पुढच्या वर्षी तोही वाट बघतो. अभय योजना ही वसुली आहे की थकबाकीला दिलेलं प्रोत्साहन, हे ठरवणं अवघड आहे. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

दुसरं कारण या शहराच्या नकाशात आहे. बजाजपासून शेकडो लघुउद्योगांपर्यंत ज्या वाळूज औद्योगिक वसाहतीने शहराचं नाव केलं, ती महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. शेंद्राही बाहेर. चिकलठाणा आत आहे. म्हणजे कारखान्यात काम करणारी बरीच माणसं राहतात शहरात, त्यांना पाणी-रस्ते-दवाखाने शहराने पुरवायचे, पण त्या कारखान्यांची घरपट्टी शहराला नाही.

तिसरं कारण गुंठेवारी. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटवर उभ्या राहिलेल्या वसाहती इथे शंभरावर आहेत. लेआउट मंजूर नाही, म्हणून बांधकाम परवानगी नाही, म्हणून अनेक घरं वर्षानुवर्षं कराच्या नोंदीत नीट आली नाहीत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याची मुभा मिळाली. पण नियमित व्हायला शुल्क भरावं लागतं. आणि माणूस विचारतो, पाणी टँकरचं, ड्रेनेज नाही, मग पैसे कशाचे भरू? त्याचं चूक नाही. महापालिका म्हणते, पैसे नाहीत तर ड्रेनेज कुठून टाकू? तिचंही चूक नाही. शहराची निम्मी कोंडी या दोन वाक्यांत आहे.

हे एकट्या संभाजीनगरचं नाही. भारतातला मालमत्ता कर देशाच्या जीडीपीच्या ०.२ टक्क्यांच्या आसपास धरला जातो. श्रीमंत देशांत हेच प्रमाण सरासरी एका टक्क्याच्या घरात आहे. सगळ्या महापालिका-नगरपालिकांचं मिळून उत्पन्न भारतात जीडीपीच्या एक टक्क्याच्या आसपास, ब्राझीलमध्ये सातच्या आसपास, दक्षिण आफ्रिकेत सहाच्या आसपास. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना अठरा विषयांची यादी दिली, त्यांच्याबरोबर अठरा कर मात्र दिले नाहीत.

समांतर : सुधारणा जी अर्ध्यात मोडली

पैसा नाही आणि पाणी हवं आहे. अशा वेळी एक मार्ग सुचतो : खासगी कंपनीला आणा. औरंगाबादने तो करून पाहिला.

शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन जुन्या जलवाहिन्या ढोरकीन, फारोळा, नक्षत्रवाडी अशा टप्प्यांनी पाणी वर चढवतात. शहर धरणापेक्षा बरंच उंचावर आहे, त्यामुळे प्रत्येक थेंबामागे वीज जळते. जलवाहिन्या म्हाताऱ्या झाल्या, शहर वाढलं आणि नळाला पाणी तीन-चार दिवसांवरून आठवड्यावर गेलं.

म्हणून या जुन्या वाहिन्यांना समांतर अशी मोठी नवी वाहिनी टाकायची योजना आली. लोकांच्या तोंडी तिचं नावच ‘समांतर’ पडलं. खर्च सुमारे ७९२ कोटी. थोडा पैसा केंद्राच्या योजनेतून, बाकी कंपनीने घालायचा आणि २० वर्षं शहराचा पाणीपुरवठा चालवून पाणीपट्टीतून वसूल करायचा. त्यासाठी पाणीपट्टीत दरवर्षी १० टक्के वाढ ठरली. सप्टेंबर २०१४ मध्ये औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीने कारभार हातात घेतला.

पुढे काय झालं? मुख्य जलवाहिनीचं काम पुढे सरकेना. मीटर, बिलं, गळती, कंपनीच्या माणसांची वागणूक यावरून रोज वाद. लोकांना दिसत होतं ते एवढंच : पाणी वाढलं नाही, बिल वाढलं. २०१६ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने करार रद्द केला, पाणीपुरवठा परत घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

खासगीकरण वाईट की चांगलं, यावर तेव्हा खूप वाद झाला. खरा प्रश्न करारातल्या क्रमाचा होता असं वाटतं. सेवा सुधारण्याआधी दर वाढले. नागपूरनेही पाणी खासगी कंपनीला चालवायला दिलं, २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर ते काम करते, आणि तिथेही तक्रारी पुष्कळ आहेत. पण व्यवस्था मोडली नाही. कराडजवळच्या मलकापूरने (बुलढाण्याचं नव्हे) तर खासगी कंपनीशिवाय, मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं : जेवढं वापराल तेवढं भरा, जास्त वापराल तर जास्त दराने. पण तिथे पाणी आधी आलं. बिलाची गोष्ट मग सोपी होती.

४,०५० रुपयांचं काय झालं

समांतर गेली, पण तिने वाढवलेली पाणीपट्टी राहिली. वाढत वाढत ती घरगुती नळाला वर्षाला ४,०५० रुपयांवर पोहोचली होती. मीटर नाही, त्यामुळे दोन माणसांच्या घराला तेवढीच आणि दहा माणसांच्या घराला तेवढीच. आठवड्यातून एकदा पाणी धरलं तर वर्षात ५२ पाळ्या. एका पाळीला सुमारे ७८ रुपये झाले. लोक संतापले नसते तर नवल.

२०२२ मध्ये ही पाणीपट्टी निम्मी, म्हणजे २,०२५ रुपये करण्यात आली. घराघरांत दिलासा मिळाला आणि तो योग्यच होता. पण फारोळ्याच्या पंपांचं वीजबिल काही निम्मं झालं नाही. मधला फरक महापालिकेच्या इतर उत्पन्नातून भरायचा, म्हणजे रस्त्यांतून, दवाखान्यांतून, ठेकेदारांची बिलं पुढे ढकलून.

२,७४० कोटींची नवी योजना

समांतर मोडल्यावर राज्याने नवी योजना मंजूर केली, १,६८० कोटींची. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं. काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या देखरेखीखाली. पुढे ती केंद्राच्या अमृत २.० मध्ये गेली आणि खर्च २,७४० कोटींवर पोहोचला. जायकवाडी ते नक्षत्रवाडी सुमारे ३९ किलोमीटरची, तब्बल २,५०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी (आत माणूस आरामात उभा राहील), आणि रोज ३९२ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करणारं केंद्र. मुदती अनेकदा हुकल्या. उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ स्वतः कामाचा आढावा घेत राहिलं.

तिजोरीची खरी कसोटी या योजनेतच लागली. अमृत २.० च्या रचनेत शहराचाही हिस्सा असतो. इथे तो ३० टक्के, म्हणजे ८२२ कोटी रुपये. ज्या महापालिकेला महिन्याची बिलं जुळवताना नाकीनऊ येतात, ती ८२२ कोटी कुठून आणणार? बरीच वर्षं हा प्रश्न टोलवला गेला. अखेर हुडकोकडून कर्ज घेऊन ही रक्कम उभी करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली.

कर्ज घेण्यात गैर काही नाही. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाण्यासाठीच रोखे बाजारात विकून २०० कोटी उभे केले, तेही ७.५९ टक्के व्याजाने. पुण्याला ते जमलं कारण गुंतवणूकदारांनी आधी तिथली वसुली आणि पतमानांकन पाहिलं. संभाजीनगरला राज्याने मध्ये उभं राहावं लागलं. फरक कर्जाचा नाही, पतीचा आहे.

आणि आता फर्दापूरच्या त्या इमारतीकडे वळलंच पाहिजे. ३९२ दशलक्ष लिटर पाणी रोज वर चढवायचं म्हणजे पंप मोठे, वीजबिल मोठं, रसायनं जास्त, माणसं जास्त. हे सगळं महसुली. त्याला अमृत नाही, हुडको नाही. पाइपलाइन पूर्ण झाली त्या दिवसापासून ती चालवण्याचा खर्च शहराचा. २,०२५ रुपयांची, मीटर नसलेली, निम्म्या लोकांनी थकवलेली पाणीपट्टी तो पेलणार नाही. जुना दर परत आणायचा तर समांतरची आठवण ताजी आहे.

केंद्राकडूनही आता थोडा दबाव आहे. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांचं अनुदान हवा आणि पाणी-स्वच्छतेच्या कामगिरीशी बांधलं. आणि शहरी संस्थांना अनुदान हवं असेल तर दोन अटी घातल्या : लेखापरीक्षण झालेले हिशोब लोकांसमोर ठेवा, आणि मालमत्ता कराचा किमान दर ठरवून वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वेगाने वाढवा.

कोण ठरवणार?

एप्रिल २०२० मध्ये जुन्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ महापालिकेत प्रशासक होते. दर, करार, अंदाजपत्रक सगळं एका अधिकाऱ्याच्या सहीने. काही कामं त्यामुळे झटपट झाली, हे मान्य करायला हवं. पण दर वाढवायचे असतील तर लोकांना तोंड द्यायला कोणी निवडून आलेला माणूस नव्हता, आणि कमी करायचे असतील तर ते मंत्रालयातून जाहीर होत.

जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि सभागृह परत आलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढच्या आर्थिक वर्षाचे करांचे दर सर्वसाधारण सभेने दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. अंदाजपत्रकाच्या बातम्यांत मोठ्या घोषणा बहुधा भांडवली बाजूला असतात. महसुली बाजूच्या तीन ओळी शोधा : पाणीपट्टीतून अपेक्षित किती, मागच्या वर्षी प्रत्यक्ष आली किती, आणि पाणीपुरवठ्याचं वीजबिल किती. नवीन जलवाहिनीला मीटर लागणार की नाही आणि गुंठेवारीतल्या घराला कोणत्या दराने पाणी मिळणार, हेही याच सभेत ठरायचं आहे.